खालापूरचा हात

माझ्या आईला हे ठाऊक नाही. ज्या संस्थेत मी आज संशोधन करते, तिथल्या माझ्या मार्गदर्शकांनाही नाही. ज्या एका माणसाला ते ठाऊक असावे असा माझा तर्क आहे, त्याने ते कधी उच्चारले नाही — आणि उच्चारायची संधी मी त्याला दिली नाही. तुम्हालाच का सांगावे? कार्यकारणभाव शोधणे हा माझा व्यवसाय आहे. तरी या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. मी लांबण लावते आहे असे वाटेल तुम्हाला — तर ते खरेच आहे.

कर्जतला आमच्या घराच्या कौलांवरून एक तांब्याची तार मागच्या जांभळापर्यंत गेलेली होती. ती माझी होती. मी हौशी बिनतारी केंद्र चालवत असे. सरकारी परीक्षा दिली की त्याचा परवाना मिळतो आणि स्वतःची खूण-अक्षरे मिळतात. मग घरात बसल्या जागेवरून, आकाशाच्या भरवशावर, तुमच्यासारख्याच दुसऱ्या कोणाशी बोलता येते. धंद्याचे बोलायचे नाही, राजकारण काढायचे नाही, असा नियम. मग बोलायला उरते काय? यंत्रे. आम्ही रोज संध्याकाळी यंत्रांवरून भांडत असू.

आमची सभा लहान होती. पनवेलचे एक डॉक्टर ती चालवत. ते हजेरी घेतल्यासारखे एकेकाला पुकारत आणि ज्याचे नाव येईल त्याने बोलावे. नेरळचे साळवी कुठल्याशा कचेरीत कारकून होते. वाद पेटला की ते दोन्हीकडून टाळ्या वाजवत. खालापूरचे गायकरकाका जहाजावर बिनतारी चालक म्हणून उभी हयात घालवून परत आलेले, विधुर, एकटे. आणि मी. पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेली, एका शाळेत तात्पुरती शिकवणारी, संशोधनाच्या जागेची वाट पाहणारी. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी लग्न होऊन पांगल्या होत्या. बाजारपेठेत भेटणारी माणसे विचारत, 'अजून शिकतेसच का गं?' दिवसभरात मला जे खरोखर म्हणायचे असे, ते म्हणायला मला संध्याकाळचा तो एक तास होता. त्या तासासाठी मी काय केले नसते? — हा प्रश्न मी तेव्हा सहज विचारत असे.

वादांचे काय सांगू! काका व्हॉल्व्हचे भक्त. काचेच्या नळीत दिवा लागल्याशिवाय आवाजात जीव येत नाही, असे त्यांचे ठाम मत. माझ्या मामांनी मस्कतहून एक घरगुती कॉम्प्युटर आणला होता, टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटमधून प्रोग्रॅम भरायचा. मी तो बिनतारीला जोडला, हे कळल्यावर काकांना ऊत आला.

'व्हॉल्व्हवर थंडीत हात शेकता येतात. तुज्या त्या चिपवर एक पापड तरी भाजंल का गं पोरी?'

'काका, पापड भाजायला परवाना लागत नाही.'

'आन् लाइट गेली की समदं इसरतो म्हनं तुजा संगणक. मंग पुन्यांदा टेप लाव, ती मांजरावानी किंचाळनार. माजा व्हॉल्व्हचा शेट गरम व्हायला येळ लावतो, पन इसरत नाय!'

त्यावर डॉक्टर शांतपणे म्हणत, 'तुमचं दोघांचंही जुनंच आहे. ज्यात डिस्क नाही, ऑपरेटिंग सिस्टिम नाही, त्याला कॉम्प्युटर म्हणू नये. ते खेळणं.' डॉक्टरांनी परदेशी बनावटीचे तयार यंत्र विकत घेतले होते, त्यामुळे काका लगेच तिकडे वळत : 'इकत घेनाऱ्यानं बोलू नये, डॉक्टर! तुमी दुकानातून नवरी आनलीत!' आणि साळवी — दोन्हीकडून टाळ्या.

वस्तुनिष्ठपणे सांगायचे, तर काका बहुतेक मुद्द्यांवर चुकत असत. ट्रान्झिस्टर टिकणार नाही, कॉम्प्युटर ही चार वर्षांची हौस, हे त्यांचे भाकीत. मी आकडे देई, ते हसत. पण दर आठवड्याला माझ्याशी वाद घालायला ते काहीतरी नवीन शोधून आणत, हे मला तेव्हाही दिसत होते. माझ्याशी इतक्या मन लावून कोण भांडले होते?

माझे पहिले प्रक्षेपण-यंत्र काकांनीच बांधून दिले होते. स्वतःच्या यंत्राचे जुळे — तेच व्हॉल्व्ह, तीच पेटी, सूर लागताना किंचित चिवचिवण्याची तीच खोड. परीक्षेआधी मी एसटीने चौकमार्गे खालापूरला जात असे आणि ते मला मोर्स शिकवत. टिंब आणि रेघ यांची ती भाषा मला कानांनी पकडता येत नसे. अक्षरे मोजून मी अर्थ लावू पाही; तेवढ्यात पुढचा शब्द निघून जाई. काकांनी त्यावर युक्ती काढली. ते माशांची नावे पाठवत, रोमन अक्षरांत — बोंबील, मांदेली, सुरमई. 'डोस्क्यानं वळखशील असा शबूद देनारच नाय. कानानं घे.' मी तो शब्द मोर्स ठोकायच्या कळीवर तसाच परत पाठवायचा. बरोबर आला तरच पुढचा. नाही आला, तर तोच पुन्हा, आणखी सावकाश. त्यांची सावकाशी मला आजही ऐकू येते.

एकदा मी रडकुंडीला आले. तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून सांगितले — पनवेलचे डॉक्टर मोर्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते. पुढे याच बाकावर बसून, याच माशांवर शिकले. 'येवढा मोठा मानूस, पन त्येलाबी कान नवता. आला ना? तुलाबी येईल. पन ह्ये बोलायचं नाय कुटं. त्येला लाज हाय त्याची.' कोणाला सांगणार नाही, असे मी कबूल केले.

मी पास झाले. पण कान आला नाही, फक्त परीक्षेपुरता आला. पुढे मी कॉम्प्युटरलाच मोर्स ऐकायला शिकवले. टीव्हीच्या पडद्यावर अक्षरे उमटत आणि मी ती वाचून उत्तर देई. सभेत मी असे भासवत असे की यंत्र केवळ प्रयोगासाठी आहे. एका संध्याकाळी वाद तापलेला असताना काका म्हणाले, 'पोरी, तुज्या यंत्राला कान हाय. तुला नाय.' साळवी हसले. डॉक्टरही हसले — डॉक्टर, ज्यांचे मला सर्व ठाऊक होते! त्या हसण्याने मला जे झाले, त्याला राग म्हणणे सोपे आहे. काका म्हणाले ते खरे होते, म्हणून झोंबले.

आता हाताबद्दल सांगावे लागेल, कारण सगळे त्यावर उभे आहे.

मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाचा एक 'हात' असतो. जशी चाल, जसा आवाज, तसा. रेघ कोण किती ओढतो, टिंबांत कोण घाई करतो, दोन अक्षरांमध्ये कोण किती थांबतो — नाव न सांगता माणूस ओळखू येतो, आणि आमच्या लोकांत त्या ओळखीला सहीपेक्षा जास्त मान. काकांचा हात तर सर्वांना पाठ. शब्दाची शेवटची रेघ ते जराशी लांबवत, लाटेवर जहाज कलले की कळीवरचा हात रेंगाळतो तशी. त्या संध्याकाळी आमचा वाद होता तोही हाच : यंत्र उद्या सर्व काही करील, पण हात? 'हात नाय येनार तुज्या डबड्याला.'

मी मोजमाप केले. दर रविवारी सकाळी आमची मोर्सची सभा असे. काही रविवार मी काकांचे सगळे पाठवणे कॅसेटवर घेतले आणि कॉम्प्युटरकडून प्रत्येक टिंबाची, रेघेची, विरामाची लांबी काढवली. सरासरी नव्हे — सरासरी मृत असते. रेंगाळणे कुठे येते, घाई कुठे होते, त्याचे नियम बांधले. मग मजकूर टंकावा आणि यंत्राने तो काकांच्या हाताने वाजवावा. पहिल्यांदा वाजला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझ्या कॉटशेजारी गायकरकाका बसले होते.

इथवर गुन्हा नाही. इथवर उत्तम काम आहे — त्याच कामाने मला आजची जागा मिळवून दिली. मुलाखतीत मी 'एका अनुभवी चालकाचा हात' या नावाने त्या मापांचे आलेख मांडले. समितीतल्या एकाने मान डोलावली.

पण चाचणी हवी होती ना? इतरांना फसवल्याशिवाय हात खरा कसा ठरणार? मजकूरही काकांना शोभणारा हवा. त्यांनी हार मानल्याचा मजकूर पाठवला असता, तर कोणाचा विश्वास बसला असता? अशी मी पायरी-पायरीने खाली उतरले, आणि प्रत्येक पायरी तर्काला धरून होती.

वेळ सापडायला अवघड नव्हती. रविवारच्या सभेतून काका नेहमी सर्वांत आधी निघत, कारण मासळीवाली दारात येई. 'मावरं आलं,' एवढे वाजवून ते यंत्र बंद करत. त्या रविवारीही केले. थोडा वेळ जाऊ दिला आणि मी माझे यंत्र — त्यांनीच बांधलेले, त्याच चिवचिवीचे — कॉम्प्युटरच्या हाती दिले. त्यांची खूण-अक्षरे. त्यांचा हात. आणि डॉक्टरांसाठी दोन ओळी : दोनदा नापास झालेल्याला विकतचेच यंत्र शोभते, त्याला शिकवता शिकवता माझी कळ झिजली.

ही नापास होण्याची गोष्ट मी का घातली? पुरावा म्हणून. डॉक्टरांच्या लेखी ती फक्त काकांना ठाऊक होती. म्हणजे ती काकांचीच ठरणार होती. किती नेटके!

साळवींनी मोर्समधले हसू वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवले. डॉक्टरांनी सभा संपल्याची खूण पाठवली.

संध्याकाळी मी उलगडा करणार होते. वाक्यही तयार होते : तो हात माझ्या यंत्राचा होता. आधी हसू होईल, मग कौतुक, असा माझा अंदाज. पण संध्याकाळी डॉक्टर बोलू लागले आणि त्यांचा आवाज मला ओळखू येईना. इतका सपाट.

काकांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, 'म्या? म्या तर दारात मावरं घेत हुतो रं!'

डॉक्टरांनी साळवींना विचारले, सकाळचा हात कोणाचा होता? साळवी चाचरत म्हणाले, 'हात तर... काकांचाच होता बुवा.'

'आणि कर्जत? तू ऐकलंस?'

माझे बोट बोलायच्या बटणावर होते. दुसऱ्याच्या खुणेने बोलणे म्हणजे परवाना जाणे, हे मला पाठ होते. मुलाखत जवळ आली होती. ज्याने मला धीर द्यावा म्हणून गुपित सांगितले, त्याचे गुपित मी चव्हाट्यावर मांडले, हेही बोलावे लागले असते. हे सर्व मी एका क्षणात मोजले का? मोजले. मी मोजमाप करणारीच आहे.

मी म्हणाले, 'काकांचाच वाटला.'

हेच ते. इतका वेळ मी याच्याभोवती फिरत होते. यंत्राने केले ते खोटे सुधारता आले असते. हे मी माझ्या तोंडाने केले.

डॉक्टर म्हणाले, 'काका, मी नापास झालो हे तुम्ही कोणाला सांगितलं होतंत?'

काकांचे बटण दाबले गेले. आमच्या जुन्या यंत्रांत बटण दाबले की बोलण्याआधीच लहर येते आणि त्या रिकाम्या लहरीतून समोरच्याची खोली ऐकू येते. मला त्यांच्या खोलीतले घड्याळ ऐकू आले. बाहेर कोणीतरी बादली ठेवली. काकांनी त्या वेळात काय जुळवले, हे मला पुराव्याने सिद्ध करता येणार नाही. पण ती गोष्ट त्यांनी किती जणांना सांगितली असेल? एकीला. हा हिशेब करायला पदवी लागत नाही.

'कोनाला नाय,' काका म्हणाले. 'चूक झाली, डॉक्टर. माजीच.'

तुमच्या लक्षात येते आहे ना? वाद मी जिंकला होता. यंत्राला हात आला होता — इतका, की खुद्द हाताच्या मालकाने 'मी नव्हे' म्हटले तर कोणी मानले नाही. आणि हे मला कोणालाही सांगता येत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांच्या हजेरीत खालापूरचे नाव येईना. पूर्वी नेरळ, मग खालापूर, मग कर्जत असा क्रम होता. आता नेरळनंतर एकदम मी. पहिल्या दिवशी डॉक्टर खालापूरच्या जागी क्षणभर अडखळले. नंतर अडखळणेही गेले. व्हॉल्व्हची बाजू घेणारे कोणी उरले नाही. माझे मुद्दे सर्वांना पटू लागले. त्या सभेत मला इतके एकटे कधीच वाटले नव्हते.

मी खालापूरला गेले नाही. कामे होती, पाऊस होता — मी कारणे देत नाही. ती मी तेव्हा स्वतःला दिली होती, एवढेच.

मग एका रविवारी, सभा संपल्यावर, मी सहज सूर शोधत होते. रेडिओच्या तबकडीवर सभेच्या जागेपासून जरा बाजूला एक हाक ऐकू आली. मोर्समध्ये सर्वांना उद्देशून घालायची साधी हाक : कोणी आहे का? शेवटची रेघ लांबलेली. मी चपापून कॉम्प्युटरकडे पाहिले — तो बंद होता. हा खरा हात होता.

हाक सावकाश होती. जहाजावरचा माणूस असा सावकाश पाठवत नाही. साऱ्या जगाला हाक घालायची, तर कोणी इतके थांबत थांबत घालत नाही. तो शिकवणीचा वेग होता. तो ज्याच्यासाठी होता, असे त्या पट्ट्यात एकच माणूस होते.

हाकेनंतर त्यांनी एक शब्द पाठवला. आणि थांबले. मी तो परत पाठवायचा होता. मी पाठवला नाही. त्यांनी तोच पुन्हा पाठवला, आणखी सावकाश. पुन्हा थांबले. मग यंत्र बंद केले.

पुढच्या रविवारी आले. त्याच्या पुढच्याही. पावसाळाभर, वीज असेल तेव्हा, सभा संपली की हाक, एक मासा, आणि थांबणे. रागाचा एक शब्द नाही. 'का केलेस' नाही. मी दर रविवारी कळीसमोर बसत असे. तुम्ही विचाराल, एक शब्दच तर परत पाठवायचा होता. त्याने काय कबूल झाले असते? सगळे झाले असते. म्हणून मी बसून राहिले. हात मांडीवर.

मला जागा मिळाल्याची बातमी आली, तेव्हा डॉक्टरांनी सभेत अभिनंदन केले. निघण्याच्या आधीच्या रविवारीही मी ऐकायला बसले होते. कॉम्प्युटर खोक्यात बांधून झाला होता, त्याच्या तारा गुंडाळलेल्या; बिनतारी तेवढी चालू होती. त्यानंतर मी परत तिथे बसले नाही. पुढे एकदा एसटीतून खालापूरवरून जाताना त्यांचे घर दिसले. तांब्याची तार अजून ताणलेली होती. तिच्यावर धोतर आणि दोन बनियन वाळत होते. मी खिडकीतून पाहिले आणि गाडी पुढे गेली. मी उतरले नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

त्या शेवटच्या रविवारी त्यांनी पाठवलेला शब्द होता 'मांदेली'. पडदा नव्हता, कॉम्प्युटर नव्हता, मी काही मोजले नाही. मला तो पहिल्याच खेपेला, कानांनी कळला. त्यांना ते कळले नाही. त्यांनी तो आणखी सावकाश पाठवला.